शुगर-फ्री पेढ्यात खवा असतोच

१९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस हे तरुण संशोधक साखरेच्या रेणूला क्लोरीन जोडून बघत होते. प्राध्यापक लेस्ली हफ यांनी त्यातली एक पावडर तपासायला, म्हणजे 'टेस्ट' करायला सांगितली. फडणिसांनी ती चाखली. (इंग्रजीतले test म्हणजे तपासणं आणि taste म्हणजे चाखणं, मराठीत दोन्ही 'टेस्ट' असेच लिहितात, त्यामुळे त्यांची चूक आपल्याला तरी लगेच कळावी.) ती पावडर म्हणजे सुक्रॅलोज, साखरेच्या सुमारे ६०० पट गोड. जीभ फसते, पण आतड्यांतून बरंचसं तसंच बाहेर पडतं. म्हणून चहात ते घातलं तर रक्तातली साखर लगेच चढत नाही.

मग भीती कसली? २०२३च्या जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेम या दुसऱ्या कृत्रिम गोडव्याला 'कदाचित कर्करोगकारक' यादीत टाकल्याची बातमी आली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर धुरळा उडाला. ही यादी पुरावा किती आहे ते सांगते, धोका किती ते नाही. त्याच वेळी संघटनेच्याच दुसऱ्या समितीने जुनीच मर्यादा कायम ठेवली: शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ४० मिलिग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला डाएट कोल्याचे ९ ते १४ कॅन रिचवावे लागतील. फिनाइलकीटोन्यूरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी मात्र अ‍ॅस्पार्टेम टाळायलाच हवं.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो त्याच वर्षी मे महिन्यात आलेला सल्ला, ज्याची फारशी चर्चा झाली नाही. वजन उतरवण्यासाठी या गोडव्यांवर विसंबू नका, दीर्घकाळात फायदा दिसत नाही, असं संघटनेने सांगितलं. हा सल्ला मधुमेह नसलेल्यांसाठी होता. त्यांनी खरं तर चहातली साखरच हळूहळू कमी करावी. जीभ महिन्या-दोन महिन्यांत सरावते. इस्रायलमध्ये १२० निरोगी माणसांवर झालेल्या प्रयोगात सॅकरिन आणि सुक्रॅलोज दोन आठवडे घेतल्यावर काहींच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता बिघडलेली दिसली. काहींचीच, सगळ्यांची नाही; त्यामुळे घाबरून जायला नको.

शुगर असलेल्यांचं गणित वेगळं. दिवसातून चार चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे चाळीसेक ग्रॅम. ती गेली आणि गोडव्याची गोळी आली, तर नफाच. घोटाळा होतो तो मिठाईच्या दुकानात. "घ्या हो काकू, शुगर-फ्री आहे," म्हणत पेढ्यांचा बॉक्स पुढे येतो. पण खव्यातली दुधाची साखर आणि स्निग्धांश कुठे जाणार? 'शुगर-फ्री' बिस्किटात मैदा असतोच. खजूर किंवा गूळ घातलेल्या लाडवाने तर साखर सरळ चढते.

आणखी एक. इन्सुलिन घेणाऱ्याला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, म्हणजे रक्तातली साखर फार खाली गेली, तर घाईघाईत नेहमीच्या सवयीने शुगर-फ्री सरबत देऊ नका. तेव्हा खरी साखरच लागते, तीन चमचे, पाण्यात ढवळून.