रंग न लावता रंगलेला धातू

दागिना म्हटला की आधी वजन विचारलं जातं, मग घडणावळ. टायटॅनियमच्या कानातल्यांपुढे हा क्रम उलटतो. त्याच आकाराचं कानातलं सोन्यात केलं, तर ते चौपटीहून जड भरेल. इथे मोल आहे ते घडवणाऱ्याच्या हाताला, आणि ऑक्साइडच्या एका थराला, जो केसाच्या जाडीच्या शेकडो पटींनी पातळ असतो.

हा थर तयार होताना बघण्यासारखा असतो. करडा पत्रा खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचा. डीसी विजेचं धन टोक त्याला जोडायचं, ऋण टोक पोलादाच्या पट्टीला. (रबरी हातमोजे हवेतच, इथे व्होल्टेज शंभरीपर्यंत जातं, आणि तेवढं जिवावर बेतू शकतं.) व्होल्टेज चढवत नेलं की पत्रा आधी पिवळसर तपकिरी होतो, मग जांभळा. तीस व्होल्टच्या आसपास गर्द निळा उमटतो, मग फिकट आकाशी, साठीच्या सुमारास पिवळा, पुढे गुलाबी आणि शंभरीजवळ हिरवा. पाण्यात रंगाचा थेंबही नसतो.

होतं असं, की विजेमुळे पाण्यातला ऑक्सिजन धातूशी जोडला जातो आणि पारदर्शक थर वाढू लागतो. तो विजेला अडवतो, म्हणून त्या व्होल्टेजला साजेशी जाडी आली की वाढ थांबते. आता प्रकाशाचा काही भाग थराच्या वरूनच परततो, काही आत जाऊन धातूवरून परततो. या दोन लाटा पुन्हा एकत्र येतात तेव्हा काही रंग एकमेकांना खोडतात, काही उजळतात. साबणाच्या फुग्यावरचे रंग असेच. मोरपिसाचा निळाही रंगद्रव्याचा नाही, पिसातल्या सूक्ष्म रचनेचा आहे. त्यामुळे या निळ्याला ‘मोरपिशी’ म्हणणं विज्ञानालाही धरून आहे! एक रंग मात्र हा धातू कधीच नीट देत नाही, तो म्हणजे लालभडक.

कारागिराला इथे घाई परवडत नाही. थर जाड करता येतो, व्होल्टेज उतरवून पातळ करता येत नाही. म्हणून एकाच तुकड्यावर दोन रंग हवे असतील तर जास्त व्होल्टेजचा आधी द्यायचा, हवी तिथली नक्षी खरवडून उघडी करायची आणि मग कमी व्होल्टेज लावायचं. आधीचा जाड थर तसाच राहतो. बोटाचा तेलकट ठसा उमटला तरी तेवढ्यापुरता रंग बदललेला दिसतो, पुसला की परत येतो. ओरखडा मात्र पुसता येत नाही. म्हणून जाणते कारागीर रंग खोलगट भागात ठेवतात.

टायटॅनियमला डाखही देता येत नाही, कारण उघड्या हवेत तापवलं की ते ऑक्सिजन आणि नायट्रोजन ओढून घेतं. मग रिव्हेट, दुमडलेल्या कडा, ताणून बसवलेल्या तारा. या दागिन्यांचं नेटकं, सांधे लपवायला न जाणारं रूप मला फार आवडतं, आणि ते धातूच्या हट्टातूनच आलेलं आहे.

अ‍ॅल्युमिनियमची तऱ्हा वेगळी. त्याचा थर मधाच्या पोळ्यासारखा सच्छिद्र करता येतो. तो कापडासारखा रंग पितो, आणि मग उकळत्या पाण्यात छिद्रं मिटवली जातात. नेदरलँड्सच्या खाइस बाकर यांनी १९६७ साली धुराड्याच्या नळकांड्यासारखी कंठी केली, ती याच धातूची.

स्विस कलाकार ओटो क्युन्त्सली यांनी १९८० साली काळ्या रबराच्या कड्यात सोन्याची गोळी दडवली. बाहेरून दिसतो तो फक्त फुगवटा. नाव ठेवलं ‘सोनं आंधळं करतं’. टायटॅनियमला रंग देणारा ऑक्सिजन रबराचा मात्र वैरी आहे. वर्षानुवर्षं तो रबरातल्या लांब साखळ्या तोडतो, भलत्याच जागी जोडतो, आणि रबर कडक होऊन तडकू लागतं. आतल्या गोळीला तो काहीही करू शकत नाही.