.४५० वरची बंदी आणि जुन्या दुनळी रायफलीचं काडतूस

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रजी दुनळी रायफलींची यादी पाहिली तर आकड्यांची गर्दी दिसते. .४५०, .४६५, .४७०, .४७५, .४७६. हे आकडे म्हणजे नळीच्या तोंडाचं साधारण माप, इंचांत. गोळीचं वजन थोड्याफार फरकाने तेच, वेग तोच, रानगवा किंवा हत्तीवर होणारा परिणामही तोच. एकच काम करणारी इतकी काडतुसं कशाला लागली? त्याचं उत्तर हिंदुस्थानातल्या एका सरकारी बंदीत आहे, आणि त्या बंदीमागे भीती होती ती हाताने भरल्या जाणाऱ्या काडतुसांची.

१८९८ मध्ये जॉन रिग्बी यांच्या कंपनीने .४५० नायट्रो एक्स्प्रेस हे काडतूस बाजारात आणलं. ‘नायट्रो’ म्हणजे धूरविरहित दारू. रिग्बी त्याआधी एन्फील्डच्या सरकारी शस्त्र कारखान्याचे प्रमुख होते, त्यामुळे कॉर्डाइट ही नवी धूरविरहित दारू त्यांच्या चांगल्या परिचयाची होती. काळ्या दारूचं सव्वातीन इंची .४५० काडतूस शिकाऱ्यांच्या हातात आधीपासून होतंच. रिग्बींनी त्याच मापाच्या, पण अधिक मजबूत पितळी खोळीत ७० ग्रेन कॉर्डाइट भरलं आणि पुढे ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमची गोळी बसवली. वेग सेकंदाला २१५० फूट. तोवर मोठ्या जनावरांसाठी खांदा निखळवणाऱ्या, खूप रुंद नळीच्या चार बोअर, आठ बोअरच्या अजस्र बंदुका वापरत. त्यांचे दिवस या काडतुसाने संपवले.

अडचण अशी की .४५० हा लष्कराचाही आकडा होता. १८७१ पासून ब्रिटिश फौजेच्या हातात असलेली मार्टिनी-हेन्री रायफल याच बोअरची, म्हणजे नळीच्या याच मापाची, आणि तिची गोळीही ४८० ग्रेनचीच. फौज पुढे .३०३ कडे वळली, पण असंख्य मार्टिनी वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांकडे राहिल्या. त्याच सरहद्दीवरच्या दर्रा आदम खेल या गावाचे कारागीर तर त्यांच्या हुबेहूब नकला घडवत. बंदूक होती, दारू मिळत होती. चणचण गोळ्यांची आणि टोप्यांची, म्हणजे खोळीच्या बुडाशी बसून दारू पेटवणाऱ्या टिकल्यांची. शिकारीची .४५० काडतुसं हाती लागली तर ती फोडून मार्टिनीच्या रिकाम्या खोळी पुन्हा भरता येतील, हा सरकारचा हिशेब. म्हणून १९०७ च्या आसपास हिंदुस्थानात आणि सुदानात खाजगी वापरासाठी .४५० आणायला मनाई झाली.

लंडन आणि बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्यांना हा मोठा फटका होता. संस्थानिक, लष्करी अधिकारी, वनखात्याचे साहेब, चहामळ्यांचे मालक ही त्यांची खास गिऱ्हाइकं. मग ज्याने त्याने आपापली पळवाट काढली. हॉलंड अँड हॉलंडने .४६५ काढलं, वेस्टली रिचर्ड्सने .४७६, आणि जोसेफ लँग यांच्या नावावरचं .४७० इतर अनेक कारागिरांनी उचललं. प्रत्येकाचा प्रयत्न एकच: गोळी मार्टिनीच्या नळीत बसू नये, पण मारा रिग्बींच्या .४५० इतकाच असावा. त्या हुकुमाची छाया आपल्याकडे अजून दिसते. .३०३ हा लष्करी बोअर म्हणून परवान्याबाहेर राहिला, आणि ऑस्ट्रियाच्या ८ मिलिमीटर मान्लिखर काडतुसावरून आलेली .३१५ ही परवानाधारकांची नेहमीची रायफल झाली.

आज अशी जुनी दुनळी चालवायची तर काडतूस बहुधा हाताने भरावं लागतं, आणि इथे खरी कसोटी आहे. दुनळीच्या दोन नळ्या समांतर नसतात. पुढे किंचित जवळ येतात. उजवी नळी झाडली की गोळी बाहेर पडण्याआधीच बंदूक उजवीकडे आणि वर उसळते, डावी झाडली की डावीकडे. ही उसळी हिशेबात धरून कारागीर नळ्या तात्पुरत्या जोडायचा, झाडून पाहायचा, डाग वितळवून पाचर सरकवायचा आणि पुन्हा झाडायचा, दोन्ही गोळ्या एका जागी लागेपर्यंत. हे सगळं एकाच भरणीसाठी, म्हणजे दारू आणि गोळीच्या एकाच ठरलेल्या मापासाठी. म्हणून नळ्यांच्या बुडाशी ती भरणी कोरलेली असते: कॉर्डाइट ७०, गोळी ४८०, याहून जास्त नाही. वेग कमी पडला तर गोळी नळीत जास्त वेळ राहते आणि दोन्ही नळ्यांचे मार एकमेकांपासून लांब जातात. वेग वाढला तर ते एकमेकांना ओलांडतात. जुन्या रायफलीत नवी ताकद शोधणाऱ्याने हे आधी समजून घ्यावं. ती बंदूक एकाच भरणीला उत्तर देते, आणि मला तिचा हा हट्ट फार मोलाचा वाटतो.

कॉर्डाइटचा स्वभाव समजला की पुढचं कळतं. ही दारू शेवयांसारख्या लांब काड्यांची. नायट्रोग्लिसरीन, गनकॉटन म्हणजे स्फोटक कापूस, आणि थोडं व्हॅसलीन. ती फार गरम जळते आणि हवा तापली की दाब चढतो. म्हणून हिंदुस्थानासाठी मुद्दाम कमी भरणीची ‘ट्रॉपिकल’ काडतुसं बनत. आजच्या दाणेदार दारूचं वजन वेगळं लागतं, आणि उंच खोळीत ती सैल पडते, म्हणून पुष्कळ जण वर हलकं भरण घालून ती टोपीजवळ धरून ठेवतात. जुन्या खोळी पुन्हा वापरणं तर धोक्याचंच: पाऱ्याच्या टोप्यांनी पितळ ठिसूळ झालेलं असतं. शिवाय त्यांची टोपी बर्डन पद्धतीची, नेहमीच्या सुईने न निघणारी.

शिकारीचा आणि वसाहतींचा काळ सरला तसा इंग्लंडच्या किनॉक या काडतूस कारखान्याने ही काडतुसं एकेक करून थांबवली, आणि १९७० च्या सुमारास मोठ्या नायट्रो एक्स्प्रेस काडतुसांचा पुरवठा जवळजवळ आटला. उत्तम स्थितीतल्या रायफली कपाटात अडकल्या. त्यांना पुन्हा आवाज दिला तो हाताने भरणाऱ्यांनीच. अमेरिकेत नव्या पितळी खोळी बनू लागल्या, ऑस्ट्रेलियात वुडली कंपनीने जुन्या आकाराच्या गोळ्या घडवल्या, आणि १९९० च्या दशकात इंग्लंडमध्ये किनॉक नावाने तयार काडतुसंही परतली.

एक सापळा मात्र तसाच आहे. सव्वातीन इंची .४५० काडतुसाची रायफल काळ्या दारूसाठी बनली, काळ्या दारूच्या बंदुकीला झेपेल इतक्या सौम्य नायट्रो भरणीसाठी बनली, आणि पूर्ण ७० ग्रेन कॉर्डाइटसाठीही बनली. तिन्हींत तेच काडतूस बिनबोभाट शिरतं. काळ्या दारूसाठी तपासलेल्या नळीत पूर्ण नायट्रोचा बार टाकला तर बंदूक फुटू शकते आणि धरणाऱ्याचा हातही जाऊ शकतो. म्हणून दारू तोलण्याआधी नळ्या उतरवून त्यांच्या बुडाचे चाचणीचे शिक्के जाणकाराकडून वाचून घ्यायचे, मगच खोळीला हात लावायचा.