सहअध्ययन समूह (विकासकार्यातील)

पाणलोट, पोषण, स्वच्छता, बचत गट अशा कामांत ठिकठिकाणी गुंतलेल्या माणसांनी इंटरनेटवरून एकमेकांना अडचणी विचारत, अनुभव सांगत शिकण्याची पद्धत. इंग्रजीतून आलेले ‘कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस’ हे या पद्धतीचे नाव मानववंशशास्त्रज्ञ जीन लेव्ह आणि शिक्षण-अभ्यासक एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये मांडले.

मूळ कल्पनेत इंटरनेट कुठेच नव्हते. लेव्ह यांनी लायबेरियातल्या शिंप्यांचा अभ्यास केला होता. तिथला नवा शागीर्द आधी काजे-बटणे आणि तुरपाई करतो, मग शिवायला शिकतो आणि कापड बेतायला सगळ्यात शेवटी. म्हणजे कपडा तयार होतो त्याच्या नेमक्या उलट क्रमाने. त्याला धडा कोणी देत नाही. दुकानात बसून, हाताखाली काम करत तो तयार होतो. विकासकार्यातल्या माणसाला असे दुकान मिळत नाही. तेच काम करणारा दुसरा बऱ्याचदा दोन जिल्हे पलीकडे असतो.

जागतिक बँकेचे अध्यक्ष जेम्स वुल्फेन्सन यांनी १९९६ मध्ये ‘ज्ञानबँके’ची, म्हणजे कर्जाबरोबर विकासाचे ज्ञानही पुरवणाऱ्या बँकेची घोषणा केली, तेव्हापासून मोठ्या संस्थांनीही विषयवार गट बांधायला घेतले. भारतातले ठळक उदाहरण म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या इथल्या संस्थांनी २००५ मध्ये सुरू केलेले ‘सोल्यूशन एक्सचेंज’. पाणी, सूक्ष्मवित्त (गरिबांसाठी छोटी कर्जे व बचत), विकेंद्रीकरण असे त्याचे वेगवेगळे गट होते आणि त्यांत सरकारी अधिकारी, संशोधक, स्वयंसेवी कार्यकर्ते एकत्र होते. सदस्याचा प्रश्न समन्वयक घासूनपुसून सर्वांना पाठवी. ई-मेलने उत्तरे येत आणि मुदत संपली की त्यांचे एक संकलित उत्तर तयार होई: सारांश, कोणी कुठे काय केले, आणखी कुठे वाचावे. सगळी मदार या संकलनावर होती. उत्तरे काय, कोणीही देते. परस्परविरोधी उत्तरांतून कामाचे तेवढे वेचायला विषय कळणारा, पगारी माणूस लागतो आणि प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात नेमकी त्याच्याच पगाराला कात्री लागते.

दोन उणिवा सहज दिसतात. चर्चा इंग्रजीत झाली की अंगणवाडी सेविका आणि ग्रामसेवक बाहेर राहतात, म्हणजे ज्यांचा अनुभव हवा तेच. दुसरे असे, की फसलेल्या कामाबद्दल फार कोणी लिहीत नाही. निधी देणारेही तिथेच वाचत असतात ना!

महाराष्ट्रात पाणी फाउंडेशनच्या डिजिटल शेतीशाळांनी भाषेची अडचण बरीच दूर केली. तिथे कृषी विद्यापीठांतले शास्त्रज्ञ पीकनिहाय ऑनलाइन वर्गांत शेतकऱ्यांच्या प्रश्नांना मराठीतूनच उत्तरे देतात. बाकी बहुतेक देवाणघेवाण आता व्हॉट्सॲपवर आली आहे. तिथे उत्तर पाच मिनिटांत येते, पण ते शुभेच्छांच्या चित्रांखाली गडप होते आणि पुढच्या हंगामात तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो.