मान वर की डोकं पाण्यात? स्ट्रोक शिकवण्याच्या क्रमामागचा इतिहास

मे महिन्यात शिवाजी पार्कच्या महात्मा गांधी स्मारक जलतरण तलावापासून अंधेरीपर्यंत नवशिक्या मुलांच्या तुकड्या सुरू होतात. प्रशिक्षकांचा धोशा असतो, ‘डोकं पाण्यात!’ आणि गावच्या विहिरीत पोहायला शिकलेले आजोबा घरी नातवाला बजावतात, ‘मान वर ठेव.’ आजोबांचं चुकत नाही, फक्त त्यांचं पाणी वेगळं होतं.

विहिरीत उथळ बाजू नसते. पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधून मूल पहिल्याच दिवशी खोल पाण्यात उतरायचं. पायऱ्या गाठणं एवढंच ध्येय, म्हणून डोळे वर आणि हातपाय पोटाखाली. खाडीत, समुद्रातही लाटा आणि किनारा दिसावा लागतो. खारं पाणी शरीराला जास्त उचलतं, त्यामुळे तिथे मान वर ठेवणं काहीसं निभावून जातं.

युरोपातही एकोणिसाव्या शतकात चेहरा कोरडा ठेवून ब्रेस्टस्ट्रोक (पालथं राहून बेडकासारखे हातपाय मारणं) मारणं हीच सभ्य रीत मानली जाई. १८४४ साली लंडनमध्ये उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे जमातीच्या दोन जलतरणपटूंनी हात पाण्याबाहेरून फिरवत शर्यत पोहून दाखवली. वेग डोळ्यांसमोर होता, तरी इंग्रजांना तो प्रकार रानटी वाटला. कॅप्टन मॅथ्यू वेब यांनी १८७५ मध्ये इंग्लिश खाडी पार केली तीही ब्रेस्टस्ट्रोकनेच, जवळपास २२ तासांत. त्याच दशकात इंग्रज जलतरणपटू जॉन ट्रजन यांनी हात आळीपाळीने बाहेरून आणले, पण पाय कात्रीसारखेच राहिले. १९०० च्या सुमारास सिडनीत जलतरणपटू कॅव्हिल बंधू आणि सॉलोमन बेटांवरून आलेला ॲलिक विकम यांच्यामुळे सरळ, वर-खाली चालणारी किक रूढ झाली आणि आजच्या फ्रीस्टाइलचा, म्हणजे आळीपाळीने हात मारत वेगाने पोहण्याच्या प्रकाराचा, सांगाडा उभा राहिला. अमेरिकन जलतरणपटू जॉनी वाइसमुलर १९२२ मध्ये १०० मीटर एका मिनिटाच्या आत पोहला, तोही डोकं बरंच वर ठेवून. चेहरा पाण्यात ठेवून तासन्‌तास सराव करणं सोपं झालं ते गॉगल सर्रास वापरात आल्यावर, म्हणजे १९७० च्या दशकात.

तलावाच्या गोड्या पाण्यात डोकं उचललं की कंबर आणि पाय खाली जातात. मग मूल पुढे सरकण्याऐवजी स्वतःला वर ढकलण्यात दमतं. म्हणून आता हातांची पाळी सर्वांत शेवटी येते. आधी कठड्याला धरून श्वास: तोंडाने घ्यायचा आणि चेहरा पाण्यात घालून नाकातोंडाने सावकाश बुडबुडे सोडायचे, सलग दहा वेळा. ही पायरी उरकून टाकण्याचा मोह पालकांना आणि घाईतल्या प्रशिक्षकांनाही होतो, आणि पुढचं बहुतेक सगळं इथेच बिघडतं. पाण्यात श्वास कोंडून धरलेलं मूल पाच-सहा हातांनंतर घाबरंघुबरं होऊन डोकं वर काढतं. हवा संपलेली नसते, आतला कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो. वर आल्यावर उच्छ्वास आणि श्वास दोन्ही एका क्षणात उरकायचे, ते जमत नाही आणि पाणी गिळलं जातं.

त्यानंतर तरंगणं, मग भिंतीला पाय देऊन हात कानांना चिकटवून सरळ सुटणं. किक कमरेतून, घोटे सैल. गुडघे पोटाकडे येऊन सायकल सुरू झाली की मूल जागचं हलत नाही. अशा वेळी किकबोर्ड (हातात धरायची तरंगती फळी) काढून उताणं झोपवून किक मारायला लावावी. गुडघे पाण्याबाहेर डोकावले की चूक त्याला स्वतःलाच दिसते. पुढे कुशीवर किक: एक हात समोर, कान त्या दंडावर. श्वास घेताना मान उचलायची नाही, अंगासह वळायचं. गॉगलची एक काच पाण्यातच राहते.

हात कसा ओढावा यावर मोठ्यांचंच मत बदलत आलं आहे. अमेरिकन प्रशिक्षक जेम्स काउन्सिलमन यांनी पाण्याखाली चित्रीकरण करून तळहाताचा नागमोडी मार्ग टिपला, आणि पुढची पिढी इंग्रजी एस अक्षर गिरवत शिकली. आता कोपर वर, तळहात मागे आणि ओढ सरळ असं शिकवतात. आठ वर्षांच्या मुलापुढे यातलं काहीही मांडू नये. समोरचा हात डोक्याच्या मध्यरेषेपलीकडे जात नाही आणि कोपर आधी पडत नाही, एवढं पाहिलं तरी पुरे.

ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पावलं बाहेर वळवणं हा कळीचा मुद्दा. एक पाऊल वळलं आणि दुसरं ताठ राहिलं की कात्री होते, आणि शर्यतीत बाद. बटरफ्लाय, म्हणजे दोन्ही हात एकदम पाण्यावरून पुढे आणण्याचा प्रकार, तर याच स्ट्रोकच्या नियमांतल्या फटीतून निघाला: हात पाण्यावरून आणायला मनाई नव्हती. १९५२ मध्ये तो स्वतंत्र प्रकार ठरला, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आला. शिकवताना मात्र त्याचा नंबर शेवटचा. उन्हाळी तुकडीत तो उरकायला गेलं तर मुलं खांद्याच्या जोरावर कसेबसे दहा मीटर खेचतात आणि लाट छातीपासून निघते हे त्यांना कधी कळतच नाही.