सांधा मोठा, बोट बारीक: लग्नाची अंगठी निवडताना

अंगठी बोटाच्या मधल्या सांध्याशी अडते. पिळून, थोडा जोर लावून एकदाची पलीकडे जाते आणि मुळाशी पोचली की सैल होऊन गोल फिरायला लागते. खडा तळहाताकडे, कडी वर. मग माणूस दिवसभर अंगठ्याने ती सरळ करत बसतो. ही तक्रार घेऊन आमच्याकडे इतके जण येतात, की एकदा सगळं कागदावरच मांडलं.

अडचण साधी आहे: अंगठीला जायचं असतं एका मापावरून आणि राहायचं असतं दुसऱ्या मापावर. समजा, बोटाच्या मुळाचा घेर ५२ मिलिमीटर आहे आणि सांध्याचा ५७. व्यासात हा फरक जेमतेम दीड मिलिमीटरचा. ऐकायला काहीच नाही, पण जड खड्याची अंगठी तेवढ्या फटीत आरामात गिरकी घेते.

काहींचे सांधे जन्मजात ठसठशीत असतात. काहींचे वयानुसार, झिजेच्या संधिवाताने वाढतात. मधल्या सांध्यावर येणाऱ्या हाडाच्या गाठींना तर शार्ल बूशार या फ्रेंच डॉक्टरचं नाव आहे, म्हणजे ही काही आजची गोष्ट नाही. ‘बोटं मोडायची सवय होती, म्हणून झालं का?’ हे हमखास विचारलं जातं. डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी ५० वर्षांहून जास्त काळ फक्त डाव्या हाताची बोटं रोज मोडली, उजव्याची जवळपास नाहीच, आणि शेवटी दोन्ही हात ताडून पाहिले. संधिवात कुठल्याच हाताला नव्हता. १९९८ साली त्यांनी हे छापलं आणि २००९ साली त्यांना इग नोबेल हे गमतीचं पारितोषिक मिळालं. एका माणसाचा प्रयोग म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, पण त्या सवयीच्या नावाने बोटं मोडायचं कारण नाही.

माप सांध्याचं घ्या

दोरा किंवा कागदाची पट्टी गुंडाळून घेतलेल्या मापावर आम्ही अंगठी घडवत नाही. दोरा ताणला जातो, पट्टी सैल राहते. शिवाय सांधा गोल नसतो. तो आडवा रुंद असतो आणि वरची कातडी सैल असते, त्यामुळे त्याचा घेर मोजून अंगठीचं माप निघत नाही. मापाच्या धातूच्या कड्या प्रत्यक्ष घालून बघणं हाच खात्रीचा मार्ग. कडी आत जाताना किंचित अडावी पण दुखू नये, आणि काढताना जाणवेल इतकी अडावी. ती बोटात ठेवून हात खाली सोडा आणि पाण्याचे थेंब झटकावेत तसा झटका. कडी मुळाशी सैल हलली तरी चालेल, सांध्यावरून सुटता कामा नये.

बोट दिवसभर एका मापाचं राहत नाही. थंडीत आकसतं. उन्हात, व्यायामानंतर, खारट खाल्ल्यावर, गरोदरपणात फुगतं. म्हणून आम्ही निदान दोनदा माप घेतो, त्यातलं एक संध्याकाळी, हात गरम असताना. सांधा सुजून ठणकत असेल, तर त्या दिवशी माप देऊच नका. सूज उतरू द्या, मग या.

अंगठीची पट्टी रुंद हवी असेल तर रुंद कडीनेच माप घ्यावं लागतं. सहा मिलिमीटर आणि त्याहून रुंद पट्टी त्याच मापाच्या बारीक पट्टीपेक्षा घट्ट बसते. आतून किंचित फुगीर घडवलेली अंगठी, जिला कंफर्ट फिट म्हणतात, सांध्यावरून जास्त सहज सरकते. आमचं मत विचाराल तर मोठ्या सांध्याला बारीक ते मध्यम रुंदीची, आतून फुगीर पट्टी सगळ्यात कमी त्रास देते.

मुळाशी सैल राहिली तर

सगळ्यात मोठी चूक इथे होते. अंगठी फिरते म्हणून लोक ती लहान करून घेतात आणि मग ती सांध्यावरून जातच नाही. अंगठीचं माप सांध्याचंच ठेवायचं, बंदोबस्त आतून करायचा.

एक गृहस्थ आले होते, दिवसभर हातात हत्यार धरून काम करणारे. सांध्याला साठची, म्हणजे आतून साठ मिलिमीटर घेराची, कडी लागत होती, मुळाला सत्तावन्नची पुरली असती. बाहेर दोनदा अंगठी लहान-मोठी करून झाली होती. पट्टीवर डाकाच्या दोन रेघा स्पष्ट दिसत होत्या. आम्ही माप साठचंच ठेवलं आणि आतल्या बाजूला, टाचणीच्या डोक्याहून थोडे मोठे, सोन्याचे दोन मणी डाक देऊन बसवले. अंगठीचा माथा घड्याळाच्या १२ वर धरला, तर मणी ५ आणि ७ वर येतात. तळहाताच्या बाजूला सांध्याखालीही मऊ मांस असतं, त्यामुळे मणी तिथून दबून निघून जातात आणि मुळाशी जाऊन रुततात. पहिले दोन दिवस ते टोचल्यासारखे वाटतात आणि अंगठी काढल्यावर कातडीवर दोन खळगे दिसतात. खळगे थोड्या वेळात भरतात. मणी नको वाटले, तर घासून काढता येतात. त्या गृहस्थांनी ते काढायला सांगितलेलं नाही.

फरक याहून थोडा जास्त असेल, तर आत घोड्याच्या नालाच्या आकाराची लवचीक पट्टी बसवतो. सांध्यावर ती दबते, पलीकडे गेली की पुन्हा फुलते. तिला स्प्रिंगचा गुण हवा, म्हणून बावीस कॅरेट इथे कामाचं नाही. ९१.६ टक्के सोनं फार मऊ, दोन-चार महिन्यांत पट्टी ढिली पडते. अठरा कॅरेट, म्हणजे ७५ टक्के सोन्याची पट्टी टिकते. मात्र तिच्यामागे साबण साचतो, तो मऊ ब्रशने काढत जा.

सांधा खूपच मोठा असेल, तर उपाय बिजागरीचा. अंगठी एका बाजूने उघडते, सांध्यापलीकडे नेली की खटक्याने बंद होते. माप मुळाचं, त्यामुळे ती अजिबात फिरत नाही. दुखऱ्या सांध्याला याहून आरामाचं दुसरं काही नाही. पण पट्टी जाड लागते, नाजूक अंगठीत बिजागरी मावत नाही, आणि खटका झिजतो, म्हणून वर्षातून एकदा तपासायला आणावी लागते. पुढे बोटाचं माप बदललं, तर अशी अंगठी लहान-मोठी करणंही अवघड.

नुसती फिरण्याचीच तक्रार असेल, तर खालून चौकोनी घडवलेली पट्टी पुरते. प्लॅस्टिकची गुंडाळी घरी लावता येते, पण तो तात्पुरताच इलाज.

घेण्याआधी विचार करा

टंगस्टन कार्बाइडची अंगठी नंतर लहान-मोठी होत नाही. सभोवार खडे जडवलेल्या अंगठीचंही माप बदलणं जवळजवळ अशक्य. ज्यांचे सांधे अजून वाढण्यासारखे आहेत, त्यांना आम्ही या दोन्ही देत नाही, गिऱ्हाईक रुसलं तरी चालेल.

अडकली तर

ओढू नका, ओढल्याने सांधा आणखी सुजतो. हात काही मिनिटं डोक्याच्या वर धरा, थंड पाण्यात बुडवा, साबण लावा. मग दुसऱ्या हाताने बोटाची कातडी मुळाकडे ताणून धरून अंगठी पिळत काढा. तरीही नाही निघाली, तर गुळगुळीत दोऱ्याचं टोक अंगठीखालून मुळाकडे सरकवा आणि उरलेला दोरा अंगठीला लागून सांध्याच्या पलीकडेपर्यंत घट्ट, वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळा. मुळाकडचं टोक धरून उलगडत गेलं, की अंगठी एकेक वेढा पुढे सरकते. बोट निळं पडलं किंवा बधिर झालं, तर मात्र दोराबिरा काही नको, लगेच दवाखान्यात जा आणि अंगठी कुठल्या धातूची आहे ते सांगा. सोनं कापता येतं, टंगस्टन कार्बाइड नेहमीच्या कटरने कापत नाही, ते पकडीत दाबून फोडावं लागतं. कापलेली सोन्याची अंगठी टाकू नका, घेऊन या, जोडून देऊ.

माप द्यायला येताना जुनी अंगठी बरोबर आणा, सैल असली तरी. आतल्या बाजूला ती कुठे घासली आहे, त्यावरून बोट कसं आहे ते आम्हाला कळतं.