भांडणारे ससे एकत्र कोंडले तर खरोखर जुळवून घेतात का?

ठाणे-नवी मुंबईत ससे पाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षे फिरत आहे : भांडणारे दोन ससे एकाच पिंजऱ्यात ठेवावेत, दोन दिवसांत ते आपोआप गोडीने राहू लागतात.

हा समज रुजण्यास कारण आहे. लहान पिल्ले एकत्र गुण्यागोविंदाने वाढतात. मात्र साधारण 3 ते 6 महिन्यांच्या वयात ती प्रजननक्षम होतात आणि सख्खी भावंडेही हद्दीसाठी एकमेकांवर तुटून पडतात. मोकळ्या रानात हरणारा ससा पळून जातो. पिंजऱ्यात त्याला पळायला जागाच नसते, त्यामुळे भांडण मिटण्याऐवजी जखमा वाढतात. नर तर एकमेकांच्या वृषणांनाही चावे घेतात.

याची खातरजमा घरीच करता येते. मान, पाठ आणि जांघेतील केस बाजूला करून पाहावेत, कारण दाट केसांखाली चावा दिसत नाही आणि तेथे पुढे पू होऊ शकतो. थोडा पाठलाग किंवा एकमेकांवर चढणे हे बहुधा वर्चस्व ठरवणे असते. कान मागे दाबून गोल गोल फिरत चावणे म्हणजे खरी मारामारी. तेव्हा उघडा हात मध्ये न घालता जाड टॉवेलने त्यांना दूर करावे.

त्यानंतर पिंजरे वेगळे, पण एकमेकांचा वास येईल इतके जवळ ठेवावेत, आणि ससे हाताळणाऱ्या पशुवैद्यांकडून दोघांचे निर्बीजीकरण करून घ्यावे. संप्रेरकांचा प्रभाव ओसरण्यास काही आठवडे लागतात. घाई येथेच नडते. मग दोघांनीही आजवर न वावरलेल्या खोलीत, नजरेसमोर, थोडा थोडा वेळ भेट घडवावी.