सारख्या नावाची गाणी, सिनेमे, नाटकं अन् मालिका

नाव एकच किंवा जवळपास एकच, पण एकमेकांशी नातं असेलच असं नाही, अशी गाणी, सिनेमे, नाटकं, मालिका, कवितासंग्रह आपल्याकडे ढिगाने आहेत. नुसतं नाव सांगून भागत नाही, सोबत साल, गायक नाहीतर सिनेमाचं नाव जोडावंच लागतं. नागपुरात मराठी अन् हिंदी दोन्ही घराघरात सारखंच ऐकलं जातं, त्यामुळे इथे हा गोंधळ जरा जास्तच होतो.

मुळात आपल्याकडे गाण्याला वेगळं नाव ठेवायची पद्धत नाही. सिनेमाला नाव असतं, नाटकाला असतं, पण गाणं ओळखायचं ते धृपदाच्या ओळीवरून, आणि बोलताना पूर्ण ओळ कोणी म्हणत नाही, पहिले दोन शब्द बोलले की समोरच्याला कळलं असं आपण धरून चालतो. 'चलते चलते' घ्या. 'पाकीजा' (१९७२) मधलं लताबाईंचं 'चलते चलते यूं ही कोई मिल गया था', शब्द कैफी आझमींचे, संगीत गुलाम मोहम्मद यांचं. १९७६ मध्ये 'चलते चलते' नावाचा सिनेमाच आला, त्यात किशोरकुमारचं 'चलते चलते मेरे ये गीत याद रखना', लिहिलं अमित खन्नांनी, संगीत बप्पी लाहिरींचं. मग 'मोहब्बतें'मध्ये (२०००) आणखी एक 'चलते चलते', आणि २००३ मध्ये शाहरुख-राणीचा त्याच नावाचा सिनेमा, ज्याचा १९७६ वाल्याशी काहीएक संबंध नाही. नागपुरात निरोप समारंभ असला, कॉलेजचा असो की ऑफिसातल्या रिटायरमेंटचा, की किशोरकुमारवालं वाजणार हे ठरलेलं. पण ऑर्केस्ट्रात फर्माईशीची चिठ्ठी नुसती 'चलते चलते' अशी आली की निवेदक माइकवरूनच विचारतो, 'भाऊ, लताचं का किशोरचं?' आणि विचारावंच लागतं, कारण एक मुजऱ्याचं गाणं, एक निरोपाचं, ठेका वेगळा, वाद्यं वेगळी, माइकसमोर गायिका उभी राहणार की गायक हेच त्यावर ठरतं.

याच्या बरोबर उलटा प्रकार म्हणजे शब्द तेच, नाव तेच, पण गाणी दोन. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण नागपूरच्याच माणसाने लिहून ठेवलंय. पुरुषोत्तम दारव्हेकर, म्हणजे आपले दारव्हेकर मास्तर, रंजन कला मंदिर या नाट्यसंस्थेचे. त्यांचं 'कट्यार काळजात घुसली' १९६७ मध्ये रंगभूमीवर आलं, संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं. त्यात 'घेई छंद मकरंद' हे पद दोन चालींत येतं. नाटकातल्या पंडितजींच्या गायकीत ते सालगवराळी रागात आहे, शांत, ठहराव असलेलं, ते गायलं प्रसाद सावकारांनी. त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या खाँसाहेबांच्या गायकीत तेच शब्द धानी रागात येतात, आक्रमक, तानांनी भरलेले, आणि तिथे वसंतराव देशपांडे. नाटकाचा सगळा झगडाच दोन घराण्यांचा आहे, त्यामुळे एकाच पदाला दोन चाली देणं ही नुसती हौस नाही, दोन माणसांचे स्वभाव अन् दोन गायकींमधला फरक त्या चालींतूनच प्रेक्षकाला कळतो, संवादाची गरजच पडत नाही. म्हणून कोणी 'घेई छंद लाव' म्हटलं तर सावकारांचं का वसंतरावांचं हे विचारायलाच हवं, एक ऐकलं म्हणजे दुसरं ऐकलं असं होत नाही. वसंतराव नागपुरात शंकरराव सप्रे गुरुजींकडे शिकले, सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला त्यांचं नाव आहे, तरी 'कट्यार' म्हटलं की आजच्या पोरांना आधी सिनेमा आठवतो. तो २०१५ चा, सुबोध भावेने दिग्दर्शित केलेला, त्यात पंडितजी शंकर महादेवन, खाँसाहेब सचिन पिळगावकर आणि त्यांना गाण्यासाठी आवाज वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा. सिनेमा चांगलाच आहे. पण 'सूर निरागस हो' हे गाणं सिनेमासाठी नवीन केलेलं, जुन्या नाटकाच्या रेकॉर्डमध्ये ते शोधत बसलात तर मिळणार नाही. नाव एकच असलं तरी नाटकाची पदं अन् सिनेमाची गाणी या दोन वेगळ्या याद्या आहेत.

मराठी मालिकांनी तर जुन्या गाण्यांची नावं सरळ उचललीत. 'का रे दुरावा' हे 'मुंबईचा जावई' (१९७०) मधलं आशाबाईंचं गाणं, शब्द गदिमांचे, चाल सुधीर फडक्यांची, २०१४ मध्ये त्या नावाची मालिका आली. 'तुला पाहते रे' हे 'जगाच्या पाठीवर' (१९६०) मधलं, पुढची ओळ 'जरी आंधळी मी तुला पाहते', म्हणजे गाणं एका आंधळ्या मुलीचं आणि २०१८ ची मालिका वयातलं अंतर असलेल्या जोडप्याची, दोन्हींत तसा काही मेळ नाही. 'जोगवा' (२००९) मधल्या 'जीव रंगला' वरून 'तुझ्यात जीव रंगला' झालं. प्रशांत दामलेंच्या 'एका लग्नाची गोष्ट' या नाटकाचं तर पूर्ण कुटुंबच तयार झालं, 'दुसरी गोष्ट' ही २०१२ ची मालिका, 'तिसरी गोष्ट' ही त्यानंतरची मालिका, 'पुढची गोष्ट' हे २०१८ चं नाटक, आणि त्यातही मालिका अन् नाटकं यांच्या कथा वेगवेगळ्या. शिवाय पहिल्या नाटकातलं 'मला सांगा सुख म्हणजे नक्की काय असतं' हे गाणंही पुढे एका मालिकेचं नाव झालंच.

यातलं एक मात्र मनाला लागतं. 'रंग माझा वेगळा' हा सुरेश भटांचा १९७४ चा संग्रह, 'रंगुनी रंगात साऱ्या' ने सुरू होणारी ती रचना, मराठी गझल ज्या पुस्तकांमुळे उभी राहिली त्यातलं एक. भट जन्माने अमरावतीचे, पण शेवटपर्यंत राहिले नागपुरात, २००३ मध्ये इथेच गेले, रेशीमबागेतलं मोठं सभागृह त्यांच्याच नावाचं आहे. २०१९ मध्ये याच नावाची मालिका सुरू झाली, सावळ्या रंगाच्या मुलीची गोष्ट, ती चार वर्षं चालली आणि लोकांना आवडली. मालिकेचा काही दोष नाही. पण आता मोबाईलवर हे तीन शब्द टाकले की एपिसोडमागून एपिसोड येतात आणि भटांचा संग्रह शोधायला 'सुरेश भट' असं वेगळं टाकावं लागतं. ज्याला कवीचं नावच माहीत नाही तो त्या पुस्तकापर्यंत पोचणार कसा? नवी कलाकृती जुन्या नावावर आली की जुनी नष्ट होत नाही, पण तिच्यापर्यंतची वाट बुजते, म्हणून अशा नावांसोबत कवी अन् साल लिहायची सवय फार गरजेची आहे.

सिनेमांत सारखं नाव दिसलं की लोक लगेच रिमेक समजतात, ते दरवेळी खरं नसतं. 'डॉन' (१९७८ आणि २००६) किंवा 'अग्निपथ' (१९९० आणि २०१२) हे खरे रिमेक. पण प्रकाश मेहरांचा 'हेरा फेरी' (१९७६) आणि बाबूरावचा 'हेरा फेरी' (२०००) यांची कथा वेगळी, दुसरा तर एका मल्याळम सिनेमावरून घेतलेला. 'अंदाज' १९४९, १९७१, १९९४, २००३ असे चार, चारही वेगळे. 'बाजी' १९५१ चा गुरुदत्तचा, १९९५ चा आमिरचा आणि २०१५ चा मराठी. 'श्यामची आई' १९५३ आणि २०२३ हे मात्र एकाच पुस्तकावरचे. गाण्यावरून सिनेमाचं नाव ठेवायची चाल हिंदीतही जोरात, 'कर्ज' (१९८०) मधल्या 'ओम शांती ओम' वरून २००७ चा सिनेमा, 'बचना ऐ हसीनों', 'दम मारो दम' ही सगळी त्याच वाटेने आलेली.

मग नावावर हक्क कोणाचा? निर्मात्यांच्या संघटनांकडे शीर्षक नोंदवायची पद्धत आहे, पण नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट सहसा मिळत नाही. 'देसी बॉइज' या सिनेमाच्या नावावरून झालेल्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये तेच म्हटलं, एका लेखकाने त्याच नावाची कथा आधी लिहिली होती तरीही. किशोरकुमारच्या त्या 'चलते चलते' मधलीच ओळ 'कभी अलविदा ना कहना' ही २००६ मध्ये सिनेमाचं नाव झाली, तेव्हाही नावाचा वाद दिल्ली हायकोर्टात गेला आणि कोर्टाने सिनेमा अडवला नाही, ओळ सगळ्यांच्या तोंडात आधीपासून होती. पण 'शोले' सारखं नाव असलं तर गोष्ट वेगळी. राम गोपाल वर्माला आपल्या सिनेमाचं नाव बदलून 'आग' (२००७) करावं लागलं, तरी २०१५ मध्ये कोर्टाने १० लाखांची भरपाई द्यायला लावलीच.

नागपुरात आणखी दोन ठिकाणी हे दिसतं. एक धुमाल, म्हणजे मिरवणुकीत वाजणारा इथला वाद्यांचा ताफा. वरातीत किंवा गणपतीच्या विसर्जनाला 'झिंगाट' वाजलं तर ते 'सैराट' (२०१६) चं की 'धडक' (२०१८) चं हा प्रश्नच येत नाही, चाल अजय-अतुलचीच, शब्द तेवढे मराठी आणि हिंदी वेगळे, आणि धुमालमध्ये शब्द कुठे असतात, नुसती चाल अन् ठोका.

दुसरं ठिकाण दीक्षाभूमी. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथल्या स्टॉलवर भीमगीतं शोधताना 'भीमराया' एवढ्याच शब्दावर विचारलं तर दुकानदार एकामागून एक लावून दाखवतो, कारण त्या हाकेने सुरू होणारी गाणी पुष्कळ, वेगवेगळ्या शाहिरांची, वेगवेगळ्या गायकांची, काही तर सिनेमाच्या चालीवर बांधलेली. त्यातलं 'भीमराया घे तुझ्या या लेकरांची वंदना' हे हवं असेल तर ओळ पूर्ण सांगायची अन् सुरेश भटांचं नावही सांगायचं, कारण हे गाणं पाठ असलेल्या कितीतरी लोकांना ते भटांनी लिहिलंय हे माहीतच नसतं.